आखाजीला घरी म्हणजे कुठे?

प्रिय चिऊ,

रविवारी फोनवर आजी मला म्हणाली, ‘घर कव्हय येशी व माय?’ तू मागून डोकावून विचारलंस, ‘आई, आपण घरीच तर आहोत. मग आजी असं का विचारते? आणि ते घर तर मामाचं आहे ना?’ तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मी ‘नंतर सांगते’ म्हटलं. आता सांगते. तोंडी सांगायला बसले की तू मध्ये दहा प्रश्न काढतेस आणि मी भलतीकडेच जाते, म्हणून लिहून देते. सावकाश वाच.

आधी आजीचं वाक्य. ती अहिराणी, आमच्या खानदेशातली बोली. कव्हय म्हणजे कधी, येशी म्हणजे येशील. माय म्हणजे आई, पण आमच्याकडे लेकीलाही लाडाने माय म्हणतात. म्हणजे आजी मला विचारत होती, घरी कधी येशील गं बाई. आणि ती हे आत्ताच विचारते, कारण आखाजी जवळ आली.

तुझ्या मराठीच्या पुस्तकात तिचं नाव अक्षय्य तृतीया असं छापलंय. वैशाख शुद्ध तृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात, आंब्याचं काहीतरी करतात आणि संपलं. खानदेशात मात्र ती लेकींची. दिवाळीला नाही जमलं तर चालतं, पण आखाजीला लेक माहेरी आली नाही तर गल्लीतल्या बायका येऊन आईला विचारतात, ‘काय झालं?’

का, ते ऊन बघितल्याशिवाय कळणार नाही. इथे मेलबर्नला आत्ता पानं गळतायत आणि तू शाळेत जाताना जॅकेट घालतेस. तिकडे याच दिवसांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. आमची बोरी नदी तेव्हा नुसती वाळू असते. लहानपणी आम्ही त्या वाळूत हाताने खड्डा करायचो, त्याला झिरा म्हणतात. पाणी आधी गढूळ यायचं. ते वाटीने उपसून टाकायचं, पुन्हा वाट बघायची, मग हळूहळू तळ दिसायला लागायचा. तेवढा वेळ गप्प बसणं मला कधीच जमलं नाही. तुलाही जमणार नाही.

शेतात या दिवसांत पीक नसतं. कापूस घरात आलेला, गहू-हरभरा काढून झालेला, पेरणीसाठी पाऊस अजून यायचाय. बैलांनाही विसावा. वर्षभर कामाला असलेल्या सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं आणि नवीन ठरतं. सगळ्या घराला थोडी उसंत मिळते ती याच वेळी, म्हणून सुनेला माहेरी जायला सोडायचं तेही याच वेळी. मला वाटतं, रीत अशीच पडली असणार, सोयीतून. गोड गोष्टी लोकांनी नंतर जोडल्या.

पण तेव्हा सून आपली आपण बॅग उचलून निघायची नाही. माहेरचं कुणीतरी, बहुतेक भाऊ, बैलगाडी घेऊन न्यायला यायचा. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो येईपर्यंत ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचं.

आजीची एक गोष्ट आहे. ती मला तिने एकदाच सांगितली, मी बारावीत असताना, वाल निवडता निवडता. लग्नाला दुसरं वर्ष होतं. तिचा भाऊ गिरणाकाठच्या गावाहून आला, डब्यात तिच्या आईने केलेल्या सांजोऱ्या घेऊन. घरातल्या मोठ्यांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, ‘पऱ्हाटी उपटायची राहिलीय, पुढच्या वर्षी ने.’ पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. भाऊ चहा पिऊन रिकामी गाडी घेऊन परत गेला. आजीने तो डबा फडताळात ठेवला. खाल्ला नाही, कुणाला दिला नाही. चार दिवसांनी मुंग्या लागल्या तेव्हा गाईपुढे ठेवला. एवढंच सांगून ती पुन्हा वाल निवडायला लागली.

म्हणून तुझी मामी आखाजीच्या दोन दिवस आधीच माहेरी गेलेली असते. आजी तिला थांबूच देत नाही. मग खापरावरच्या पोळ्या कोण करणार? आजी स्वतः, या वयात, गुडघे दुखत असताना. मामा म्हणतो विकत आणू. आजी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

ती पोळी तू खाल्लीयस, पण होताना बघितली नाहीस, कारण तू झोपली होतीस. खापर म्हणजे कुंभाराने केलेलं मातीचं मोठं भांडं. ते चुलीवर पालथं घालतात आणि खाली जाळ मोठा करतात. गव्हाचं पीठ कापडातून चाळायचं. मग मिठाच्या पाण्याने ते इतकं मळायचं, तिंबायचं, की ओढलं तरी तुटत नाही. त्यात हरभऱ्याच्या डाळीचं आणि गुळाचं पुरण. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पुढचं म्हणजे लाटणं नाही, पोळपाट नाही. आजी बांगड्या कोपरापर्यंत सारते, गोळा हातावर घेते आणि या हातावरून त्या हातावर टाकत राहते. पोळी आपल्या वजनाने पसरत जाते, मनगटाच्या पुढे, कोपरापर्यंत. हातावरून लोंबणाऱ्या ओल्या रुमालासारखी ती दिसते. मग एका झटक्यात खापरावर. एकदा मी करून बघितलं तेव्हा माझ्या पोळीला मधोमध भोक पडलं आणि पुरण चुलीत गेलं. आजी म्हणाली, ‘अग्नीला नैवेद्य झाला, आता दुसरी घे.’

पोळीबरोबर आमरस. पण रसाला एक अट आहे आणि ती मला लहानपणी फार जाचायची. आखाजीच्या आधी आंबा खायचा नाही. पाटी भरून आंबे माजघरात गवतात पिकत घातलेले, घरभर वास, आणि हात लावला की पाठीत धपाटा. त्या दिवशी आधी घागर भरतात. मातीची नवी घागर, तीत पाणी, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबा आणि सांजोरी. हे सगळं घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. एवढ्या उन्हात त्यांना तहान लागली असेल, असा हिशोब. मामा आता आजोबांच्या नावाने घागर भरतो आणि चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकतो. त्याला आगारी म्हणतात. ते झालं की मग पोरं आंब्यांवर तुटून पडतात. तू विचारशील, आजोबा खरंच पाणी पितात का. मी पण विचारलं होतं. आजोबा तेव्हा होते, ते म्हणाले, ‘मी गेल्यावर येऊन सांगेन.’ अजून आले नाहीत.

झोका तुला माहीत आहे, बागेत साखळ्यांचा असतो तो. आमचा झोका मागच्या अंगणातल्या निंबाला, बैलांच्या जाड नाड्याचा. त्यावर बसत नाहीत, उभं राहतात. दोघी समोरासमोर आणि एकीने दाबायचं, मग दुसरीने. माहेरी आलेल्या बायका, ज्या सासरी डोक्यावरचा पदर पडू देत नसत, त्या दुपारभर झोका घेऊन मोठ्याने गाणी म्हणायच्या. ती गौराईची गाणी, आणि त्यांत सासूची, नणंदेची यथेच्छ टिंगल. सासू तिथे ऐकायला नसायचीच. पुरुष तेव्हा पत्ते खेळत बसायचे, एरवी पत्त्यांना हात लावला तर ओरडणारे लोकसुद्धा. त्या दिवशी कोणी कोणाला रागवत नाही.

आणि रात्री धाब्यावर. तुला धाबा म्हणजे हायवेवरचं जेवण वाटतं. हे धाबं वेगळं. आमचं जुनं घर मातीचं. लाकडी सऱ्यांवर मातीचे थर देऊन सपाट छत केलेलं, त्याला धाबं म्हणतात. संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडायचं, अंधार पडला की शिडीने गोधड्या वर न्यायच्या आणि सगळ्यांनी ओळीने झोपायचं. माझ्या दोन्ही आत्या, त्यांची मुलं, आजी, मी. आजोबा कडेला, कोणी गडगडत खाली पडू नये म्हणून. मध्यरात्रीनंतर वारा गार व्हायचा आणि गोधडीची ओढाताण सुरू व्हायची. मामाने आता स्लॅबचं घर बांधलंय. चांगलं आहे, गळत नाही. पण स्लॅब रात्री बारापर्यंत तव्यासारखा तापलेला असतो. म्हणून सगळे आत, कूलरसमोर.

आता तुझा दुसरा प्रश्न, ते घर मामाचं ना. कागदावर मामाचं. इथलं घर कागदावर बँकेचं आहे, तरी तू त्याला आपलं म्हणतेस. आजी ‘घर’ म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात कागद नसतो. ‘तू आमच्याकडे कधी येशील’ असं ती एकदाही म्हणालेली नाही. आमच्याकडे पाहुणे येतात. ‘घर कव्हय येशी’ असं एकाच माणसाला विचारतात, जिला तिथे यायला कारण लागत नाही.

आखाजी कधी एप्रिलात येते, कधी मेमध्ये, आणि तुझी सुट्टी बहुतेक तिच्या आधीच संपते. दोन वर्षं आपण हेच कारण दिलंय. मुंबईहून सुरतमार्गे अमळनेरची गाडी पकडली की पुढे मामा मोटारसायकल घेऊन उभा असतो. तोच आता मुऱ्हाळी. मी बाबांशी बोलले आहे, शाळेला चिठ्ठी लिहू म्हणतायत.

येत्या रविवारी आजीचा फोन आला की तू उचल. ती विचारेलच. तू म्हण, ‘येसू.’ म्हणजे येईन. ती लगेच तारीख विचारायला लागेल, तेव्हा फोन माझ्याकडे दे.

तुझी
आई