‘गृहीतक’, ‘पूर्वग्रह’ की नुसतं ‘गृहीत धरलेलं’?

प्रश्न असा आला आहे: गुणात्मक, म्हणजे आकड्यांपेक्षा मुलाखती-निरीक्षणांवर उभ्या असलेल्या, संशोधनाच्या प्रबंधात संशोधकाच्या मनात नकळत दडलेल्या समजुतींना ‘गृहीतके’ म्हणावं की ‘पूर्वग्रह’?

माझ्या मते दोन्ही नकोत. प्रबंधात ‘संशोधनाची गृहीतके’ या मथळ्याखाली जे येतं, ते जाणूनबुजून मांडलेलं असतं. दडलेलं त्या यादीत येणार कसं? ‘पूर्वग्रह’ म्हटलं की मागोमाग ‘दूषित’ आलंच. खरं तर पूर्वग्रहाशिवाय काही समजूनच घेता येत नाही, असं जर्मन तत्त्वज्ञ गाडामर यांनी १९६० साली सविस्तर मांडलं होतं. पण मराठीत या शब्दाला लागलेला डाग त्याने निघत नाही.

बोलण्यातलं ‘गृहीत धरणं’ इथे चपखल बसतं. ‘मला गृहीत धरू नकोस’ या तक्रारीचा अर्थ काय? तू मला विचारलंच नाहीस. संशोधकाचंही घोडं इथेच पेंड खातं. ‘घरकामात नवरा मदत करतो का?’ हा प्रश्न घ्या. उत्तर हो येवो की नाही, काम बाईचंच हे ‘मदत’ या शब्दाने आधीच ठरवून टाकलं. किंवा शेतकरी घरातल्या बाईला ‘तुम्ही काय काम करता?’ असं विचारा. ‘काही नाही, घरीच असते,’ म्हणेल. तोवर तिची वैरण, धारा, खुरपणी उरकलेली असते. काम म्हणजे पगाराचं काम, हे तिनेही गृहीत धरलं आणि लिहून घेणाऱ्यानेही. दोघांनी मिळून धरलेलं असं गृहीत सापडायला सर्वांत अवघड.

म्हणून मुलाखतीची लिखित प्रत हाती आली की उत्तरांआधी आपले प्रश्न वाचावेत. मुलाखतीला जाण्यापूर्वी कोणती उत्तरं अपेक्षित आहेत ते लिहून ठेवावं आणि नंतर जिथे ‘असं कसं?’ वाटलं तिथे खूण करावी. वेगळ्या वातावरणात वाढलेल्या सहकाऱ्याला तीच प्रत वाचायला द्यावी, हे तर हवंच.

या तपासणीला ‘आत्मपरीक्षण’ म्हणू नये, असंही सुचवतो. त्या शब्दाला पश्चात्तापाचा वास आहे, आणि मग प्रबंधात ‘मी शहरी, मध्यमवर्गीय, उच्चशिक्षित स्त्री आहे’ असा कबुलीजबाब देऊन लोक मोकळे होतात. हे झालं ओळखपत्र. त्या शहरी, मध्यमवर्गीय असण्यामुळे कोणता प्रश्न सुचलाच नाही, ते लिहायचं असतं. मथळा ‘संशोधकाची भूमिका’ एवढा पुरे.