चेक इंजिनचा दिवा आणि ९ जानेवारी

सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय. मार्च २०२१ ला पुण्याहून घेतलेली बीएस-६ डिझेल गाडी, वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. ऑक्टोबर २०२२ मध्ये चेक इंजिनचा दिवा लागला, पिकअप गेलं, वर्कशॉपने ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) साफ केला, गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड उडवला, गाडी परत. जानेवारी २०२४ ला पुन्हा तेच, आणि या वेळी ९ तारखेला ईमेल आला की कार्बन तुमच्या गावातल्या चालवण्यामुळे आणि डिझेलमुळे साठलाय, वॉरंटीत बसत नाही. यांनी मुकाट्याने ४७ हजार भरून व्हॉल्व्ह बदलून घेतला. ऑगस्ट २०२५ ला नव्या व्हॉल्व्हवर परत तोच कोड, पी ०४०१. आता विचारतायत केस होईल का, आणि गॅरेजवाला म्हणतो ईजीआरला प्लेट मारून बंदच करू, तर करू का.

असली पत्रं मला सारखी येतात, गाडीचं नाव बदलतं फक्त. म्हणून ग्राहक म्हणजे कोण, सेवेतली त्रुटी म्हणजे काय वगैरे इथे सांगत बसत नाही. तुमच्या सगळ्या कागदांत मला एकच कागद महत्त्वाचा वाटतो, तो ९ जानेवारी २०२४ चा ईमेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९, दावा करायचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. वॉरंटी लेखी नाकारली त्या दिवशी कारण घडलं. म्हणजे ९ जानेवारी २०२६. आज १५ डिसेंबर आहे, २५ दिवस उरलेत, त्यात नाताळ आणि नवीन वर्ष.

तुम्ही लिहिता की जून २०२५ ला नोटीस पाठवली होती आणि कस्टमर केअरशी ईमेल चालू आहेत, त्यामुळे मुदत पुढे गेली असेल. अहो, नाही जात! नोटिशीने मुदत थांबत नाही, "आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे" असल्या उत्तरांनीही नाही. एवढे महिने तुम्ही त्या ईमेलांची वाट बघण्यात घालवलेत, आणि समोरच्याला तेच हवं असतं. उशीर माफ करून घ्यायची सोय कलम ६९ मध्ये आहे, पण त्याला सबळ कारण लागतं आणि "बोलणी चालू होती" हे कारण बहुतेक वेळा चालत नाही. ऑगस्ट २०२५ चा कोड म्हणजे नवीन कारण, असा युक्तिवाद करता येईल, मी असतो तर केलाही असता, पण त्याच्या भरवशावर ९ तारीख हुकवली नसती.

आता केस कशाची करायची. उत्पादन दोष म्हणून ओरडायला गेलात तर तज्ज्ञाचा अहवाल लागेल, पार्ट लॅबला पाठवा म्हणतील, त्यात वर्ष जाईल. त्यापेक्षा तुमच्या हातात सोपी गोष्ट आहे. पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून जेवढा धूर परत इंजिनात यायला हवा तेवढा येत नाही, एवढंच. व्हॉल्व्ह खराब आहे असं तो कोड म्हणतच नाही. वाट कूलरमध्ये किंवा इनटेकमध्ये चोंदलेली असू शकते, व्हॅक्युमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर पाइप फुटलेला असू शकतो, हवा मोजणारा सेन्सर चुकीचं सांगत असू शकतो. स्कॅनर लावून व्हॉल्व्ह उघडायचा हुकूम द्यायचा आणि बघायचं, तो खरंच उघडला का आणि एअरफ्लोचा आकडा खाली आला का. व्हॉल्व्ह उघडतोय पण आकडा हलत नाही, तर वाट बंद आहे किंवा सेन्सर खोटं बोलतोय. ही तपासणी न करता ४७ हजारांचा पार्ट बदलला असेल, आणि तोच कोड परत आला, तर ही सेवेतली त्रुटी, आणि ती बऱ्याच अंशी जॉबकार्डावरून, म्हणजे वर्कशॉपने केलेल्या कामाच्या नोंदीवरून, दाखवता येईल.

म्हणून या आठवड्यात दुसऱ्या कुठल्यातरी स्कॅनरवाल्याकडे जा आणि कोडसोबत फ्रीझ फ्रेमची प्रिंट घ्या, कोड आला तेव्हा किती आरपीएम, किती स्पीड, इंजिन किती गरम, सगळं त्यात असतं. कोड उडवू देऊ नका, बॅटरीची वायर काढू देऊ नका. ईमेल आणि व्हॉट्सअॅपच्या प्रिंटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

प्लेट अजिबात मारू नका. एकतर मग "ग्राहकानेच छेडछाड केली" म्हणायला त्यांना आयतं मिळेल, दुसरं म्हणजे प्रदूषणाच्या मानकांत गाडी बसली नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्सवरही येतं. गॅरेजवाला तेव्हा फोन उचलणार नाही.

पुण्याला खेटे घालायची गरज नाही, तुम्ही राहता तिथे म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन. फी बिलाच्या रकमेवर धरली तर शून्य, गाडीच्या किमतीवर धरली तर १३ लाखांना चारशे रुपये, वाद न घालता भरून टाका. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर १५ जास्त, त्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० ला पक्कं केलंय. निकाल तीन महिन्यांत, टेस्टिंग लागली तर पाच, असं कायद्यात छापलंय, वाचून हसू नका. निकालापर्यंत तुमची गाडी विकून झालेली असेल कदाचित. पैसे किती मिळतील ते आत्ता सांगता येत नाही, ४७ हजार आणि थोडा त्रासाचा खर्च एवढं धरून चला.

५ जानेवारीला, सोमवारी, दाखल झालेलं बघू. ९ ला पोर्टल बंद पडलं असं सांगत माझ्याकडे येऊ नका.

आणि एक राहिलं, जुना व्हॉल्व्ह कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही. वर्कशॉपलाच सोडून आलात का? जानेवारी २०२४ चं बिल काढा आणि जुना पार्ट ग्राहकाला दिला असं त्यावर कुठे लिहिलंय का, खाली तुमची सही आहे का, ते आज रात्री बघून मला कळवा.