टर्बो पेट्रोल गाडीला मोठा पंप आणि मोठे इंजेक्टर टाकल्यावर फ्युएल प्रेशर किती ठेवायचं?

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की सांगलीची लिनिया टी-जेट आहे, टर्बो मोठा बसवलाय, बूस्ट (टर्बोनं दिलेलं हवेचं जादा प्रेशर) एक बारच्या वर न्यायचाय, टार्गेट १८० पीएसच्या आसपास, २५५ लिटरचा पंप आणून ठेवलाय, इंजेक्टर पण मोठे घेतलेत, आणि गॅरेजवाला म्हणतोय ॲडजस्टेबल रेग्युलेटर लावून प्रेशर चार-साडेचार बार करून टाकू, मग पेट्रोल कमी पडायचा विषयच संपला. आणि तुम्हाला फक्त आकडा पाहिजे.

आकडा घ्या, ३ बार. पण हा ३ बार कशाच्या तुलनेत हे नाही कळलं तर आकड्याचा काही उपयोग नाही, आणि तुमच्या गॅरेजवाल्याचं गणित नेमकं तिथंच चुकतंय असं मला वाटतं. मी साताऱ्यात एमआयडीसीच्या बाजूला इंजेक्टर आणि पंपाचीच कामं करतो, त्यामुळं हा विषय रोजचा आहे, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

इंजेक्टरच्या एका टोकाला रेलमधलं (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतलं) पेट्रोल असतं आणि दुसरं टोक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाईपात उघडतं. इंजेक्टरला रेलचा आकडा कळत नाही, त्याला कळतो दोन्हीकडच्या प्रेशरमधला फरक. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम असतो, तो पेट्रोल ओढून घेतो. बूस्ट आला की उलटं, आतली हवा इंजेक्टरच्या तोंडावर मागं ढकलते. आता रेलमध्ये ३ बार फिक्स आहे आणि बूस्ट १ बार आला, तर फरक राहिला २ बार. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे तीनाचे दोन झाल्यावर साधारण १८ टक्के पेट्रोल कमी. इंजिनला सगळ्यात जास्त पेट्रोल पाहिजे त्याच क्षणाला १८ टक्के कट. मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, नॉकिंग, म्हणजे सिलेंडरात अवेळी ठोके पडणं सुरू होतं आणि पिस्टनचा लँड (रिंगांमधली कड) तुटायला फार वेळ लागत नाही.

म्हणून बूस्टवर चालणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा पाईप जोडलेला असतो. बूस्ट अर्धा बार आला की रेल अर्ध्या बारनं वर, एक बार आला की एक बारनं वर, आयडलला व्हॅक्युमएवढं खाली. फरक कायम ३ च. याला वन-टू-वन म्हणतात आणि तुम्हाला तेवढंच पाहिजे. जुन्या काळी ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) कुणाला हात घालता येत नव्हता तेव्हा एका पीएसआय बूस्टला सहा-आठ पीएसआय चढवणारे रेग्युलेटर मिळायचे, कुणी तसला स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, की ३ चं ४ केलं तर जास्त पेट्रोल जाईल, हे खोटं नाहीये. जाईल, साधारण १५ टक्के. पण ते बूस्टमध्ये पण जाईल आणि चौकात सिग्नलला उभं असताना पण जाईल. ईसीयूला ते माहीतच नाही, तो ऑक्सिजन सेन्सर बघून आयडल आणि क्रूझला पेट्रोल कमी करत बसणार, ट्रिम (ईसीयूनं केलेली पेट्रोलची दुरुस्ती, टक्क्यांत) मायनस बारा-तेरावर जाणार, चेक इंजिन लागणार. वर इंजेक्टर उघडायला जो मिलिसेकंदाचा उशीर लागतो तो पण प्रेशरबरोबर बदलतो, म्हणजे मॅपमधले (कधी किती पेट्रोल सोडायचं त्या ईसीयूतल्या तक्त्यातले) आकडे परत सगळे जुळवत बसा. आणि सगळ्यात मोठा घोटाळा पंपाचा. बेस ४ ठेवलं आणि बूस्ट १.२, तर पंपाला ५.२ बारच्या विरुद्ध ढकलायचंय.

आता हे सांगलीवाल्याला सांगायला सोपं आहे. विहिरीवरची मोटर घ्या. हेड वाढलं की डिस्चार्ज पडतो, किर्लोस्करवाडी तुमच्याच जिल्ह्यात, पंपाचा कर्व्ह तुम्हाला मी काय शिकवणार. आणि रात्री लाईट आली पण व्होल्टेज डाऊन, तर तीच मोटर गुरगुरते आणि पाणी बोटभर येतं. टाकीतला पेट्रोलचा पंप अगदी तसाच वागतो. डब्यावर २५५ लिहिलंय ते ठराविक प्रेशरला आणि ठराविक व्होल्टेजला, साधारण १३.५ ला. प्रेशर वाढवा, आकडा खाली. वायर बारीक असेल आणि पंपाच्या तोंडाशी ११ व्होल्टच पोचत असतील, अजून खाली.

पण थांबा, तुम्हाला मुळात लागतंय किती ते बघू. टर्बो पेट्रोल इंजिन धरून चाला की एका हॉर्सपॉवरला तासाला ०.६ पाउंड पेट्रोल खातं. १८० ला १०८ पाउंड, म्हणजे ४९ किलो, लिटरमध्ये ६६ च्या आसपास. एवढंच. त्यात आता पेट्रोल पंपावर सरसकट ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं, आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत. इथेनॉलला १ भागाला हवा ९ भाग लागते, शुद्ध पेट्रोलला १४.७, मिसळून साधारण साडेतेरा येतं, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानानं आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडायला लागतं. धरा ७२ लिटर, पंपासाठी मार्जिन ठेवून ८५-९०. ते ७२ चार इंजेक्टरमध्ये वाटलं आणि ८५ टक्के ड्युटीच्या (इंजेक्टर उघडा राहायच्या वेळेच्या) आत ठेवायचं म्हटलं तर एका इंजेक्टरला ३ बारला मिनिटाला ३५० सीसीच्या आसपास आलं. तुमचे ४०० च्या घरातले असतील तर बास झाले, प्रेशर वाढवायची गरजच नाही. ५५० घेतले असतील तर आयडलला ट्यून करणाऱ्याच्या शिव्या खायची तयारी ठेवा.

म्हणजे बघा, ९० लिटरच्या कामाला २५५ चा पंप. चालतो, पण त्याचा त्रास वेगळा आहे. आयडलला गाडी तासाला लिटरभर पेट्रोल खाते, उरलेलं दोनशेच्या वर लिटर रिटर्ननं टाकीत परत जायला पाहिजे. रिटर्नचा पाईप बारीक असला की ते जातच नाही, तुंबतं, आणि रेलचं प्रेशर खाली येत नाही. ओळखायचं कसं, रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण ढिला करा, आयडलला सुई ३ च्या खाली यायलाच तयार नसेल तर रेग्युलेटरला दोष देऊ नका, रिटर्न चोक आहे. लोक रेग्युलेटर बदलत बसतात. दुसरं म्हणजे तेच पेट्रोल गरम इंजिनवरून फिरून फिरून टाकीत येतं, मे महिन्यात टाकी पावभर असताना चांगलंच तापतं.

तुमच्या गाडीला रिटर्न आहे का हे पहिलं बघा. आजकालच्या बऱ्याच गाड्यांना रेलवर रेग्युलेटरच नसतो, तो टाकीतच पंपाबरोबर असतो, रेलला एकच पाईप जातो, प्रेशर फिक्स. समजा ३.५ आहे. कंपनीनं ०.८ बूस्टला फरक २.७ राहील असं धरून मॅप केलाय. तुम्ही १.२ केलं की २.३ राहिला, सात-आठ टक्के गेले. अशा गाडीत दोन रस्ते. एक, इंजेक्टर थोडे मोठे घ्या आणि ट्यूनरला सांगा की प्रेशर फिक्स आहे, तो मॅपमध्येच भरपाई करेल, कमी खर्चाचं आणि गळतीचे सांधे कमी. दोन, रेलच्या शेवटी बूस्टचा रेग्युलेटर लावून टाकीपर्यंत नवा रिटर्न टाका. १८० पीएससाठी मी पहिला रस्ता घेतला असता. याच इंजिनाची अबार्थ पुंटो आपल्याकडं कंपनीतून १४५ पीएसनं यायची आणि तुमची लिनिया ११४ नं, म्हणजे ब्लॉकमध्ये जीव आहे, उगाच टाकीपासून सगळं खोलायची घाई नको.

रेग्युलेटर लावलाच तर सेटिंग असं. इंजिन चालू, आयडल, रेग्युलेटरचा व्हॅक्युम पाईप काढा आणि पाईपाचं तोंड बंद करा, नाहीतर हवा खाईल. आता गेजवर ३ करा, लॉकनट आवळा. पाईप परत लावला की सुई अर्धा-पाऊण बारनं खाली आली पाहिजे, २.३-२.५ च्या दरम्यान. आली नाही तर पाईप फुटलाय नाहीतर चुकीच्या जागेवरून घेतलाय. हा पाईप थ्रॉटलच्या पुढं, मॅनिफोल्डमधूनच घ्यायचा. टर्बोच्या आउटलेटवरून नको, तिथं व्हॅक्युम नसतो. ब्रेक बूस्टरच्या पाईपात वन-वे व्हॉल्व्ह असतो, त्याच्या पलीकडून टी मारली तर बूस्ट रेग्युलेटरला पोचणारच नाही, आणि हे मी स्वच्छ फिटिंग केलेल्या चांगल्या-चांगल्या गाड्यांत बघितलंय. ब्लो-ऑफ आणि गेजबरोबर वाटून पण घेऊ नका, स्वतंत्र निपल. आणि दोन्ही टोकांना क्लिप. चार मिलिमीटरचा रबरी तुकडा गरम झाला की बूस्टला निपलवरून सटकतो, आयडलला सगळं ठीक दिसतं, पण बूस्टमध्ये रेल ३ वरच अडकलेली.

म्हणूनच आयडलचा फोटो पाठवून कुणी 'प्रेशर बरोबर आहे ना' विचारलं की मला काही सांगता येत नाही. आयडलला तर सायकलच्या पंपानं पण प्रेशर येईल. बघायचं ते फुल बूस्टला, वरच्या आरपीएमला. बॉनेटखालचं गेज तेव्हा दिसणार नाही, आणि पेट्रोलचा पाईप केबिनमध्ये आणून गेज लावायचा विचार मनात पण आणू नका, इलेक्ट्रिक सेन्सर लावा आणि लॉग (चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद) घ्या. ग्लिसरीन भरलेलं गेज तसंही गरम झालं की खोटं बोलतं.

कराडची एक गाडी आली होती, तक्रार एवढीच की वरच्या आरपीएमला दम सोडते. लॉगमध्ये रेल आणि बूस्ट साडेचार हजारापर्यंत बरोबर हातात हात घालून वर, तिथून पुढं बूस्ट सपाट आणि रेल हळूहळू खाली, सहा हजाराला अर्ध्या बारनं कमी. मालकानं नवा पंप मागवायचं ठरवलं होतं. मागची सीट उचलून पंपाच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावला, बॅटरीवर १३.८ आणि पंपावर लोडला ११ च्या पण खाली. कनेक्टरची एक पिन तपकिरी झालेली. बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज, रिले आणि चांगलं अर्थिंग, तोच पंप, रेल सरळ. तुमचा पंप प्रेशरला दहा-बारा अँपिअर ओढेल, कंपनीची बारीक वायर त्याच्यासाठी नाहीच. फक्त रिलेचा ट्रिगर जुन्या पंपाच्या वायरवरूनच घ्या, म्हणजे फियाटचा इनर्शिया स्विच आणि ईसीयूचा कट जिवंत राहतो. थेट इग्निशनवर जोडला आणि उद्या गाडी कुठं आदळली तर पंप पेट्रोल सोडतच राहील.

प्रेशर पडायचं अजून एक कारण आमच्या इकडं जास्त दिसतं. टाकी पावभर, यवतेश्वर घाटातलं वळण, पेट्रोल एका बाजूला पळालं आणि पंपानं हवा ओढली. लॉगमध्ये सुई एकदम दचकल्यासारखी दिसते, हळू उतरत नाही. वायरिंगचं पडणं सावकाश, फिल्टर चोकचं पण सावकाश, हे मात्र झटका. लॉग घेताना टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, आणि शक्यतो पुण्यात डायनोवर (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजायच्या मशीनवर) घ्या, हायवेला तिसऱ्या गियरमध्ये ताणून बघायचं काम करू नका. हां, आणि ईसीयूचा मॅप सेन्सर (वरचा मॅप वेगळा, हा मॅनिफोल्डचं प्रेशर मोजतो) ॲब्सोल्युट प्रेशर, म्हणजे शून्यापासून मोजलेलं सांगतो, गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत. साताऱ्यात बाहेरची हवाच ०.९३ बारच्या आसपास, महाबळेश्वरला ०.८६. रेलमधून बूस्टची वजाबाकी करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीत आणा, नाहीतर नसलेला फॉल्ट शोधत बसाल.

पाईपाबद्दल थोडक्यात, साधा पेट्रोलचा रबर पाईप नको, इंजेक्शनचा जे३०आर९ मार्किंगचा घ्या, आणि टाकीच्या आत बुडणारा तुकडा जे३०आर१० चाच, आर९ आत टाकला तर बाहेरचं आवरण फुगून फाटतं, ई२० मध्ये अजून लवकर. खोलायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. आणि आरटीओ, इन्शुरन्स हे पण बघून घ्या, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत.

खाली एकानं विचारलंय की हेच पोलो जीटी टीएसआयला चालेल का. नाही भावा. ते डायरेक्ट इंजेक्शन आहे, टाकीतला पंप पाच-सहा बार देतो आणि पुढं कॅमवरचा हाय प्रेशर पंप शंभर-दीडशे बारच्या घरात नेतो. तिथं बाजारातला रेग्युलेटर लावायला जागाच नाही, आणि चालू इंजिनला त्या रेलच्या नटाला पाना लावायचा नाही म्हणजे नाही. ओबीडीवर मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर एकत्र लॉग करा, तफावत दिसली तर आधी टाकीतला पंप तपासा.

दादा, तुम्ही आधी रिटर्न आहे का नाही ते बघून सांगा, आणि लॉग निघाला तर आरपीएम, बूस्ट, रेल प्रेशर, पंपाचं व्होल्टेज आणि लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) एवढे पाच कॉलम इथं टाका, बघून सांगतो.