अन्य भाषा बोलता येत नाहीत, म्हणजे पवित्र आत्मा मिळालाच नाही का?

प्रार्थनासभेत सगळे अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, बोलतात, तुम्हाला ते जमत नाही; मग पेंटेकॉस्ट, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस, आपल्या वाट्याला आलाच नाही का, असं तुम्ही विचारलंय. मीही याच शंकेने अनेक वर्षं झुरलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेंटेकॉस्ट हा मुळात ग्रीक शब्द, अर्थ 'पन्नासावा'. वल्हांडणानंतर (मिसरातून सुटकेच्या सणानंतर) सात आठवड्यांनी यहूदी लोक गव्हाच्या पहिल्या पिकाचा सण करत. त्यासाठीच देशोदेशींचे भाविक यरुशलेमात जमले होते, तेव्हा वाऱ्याचा नाद झाला, अग्नीच्या जिभा दिसल्या आणि शिष्य आत्म्याने भरून अन्य भाषांत बोलू लागले. ख्रिस्ती लोक पुनरुत्थानाच्या रविवारापासून पन्नासावा दिवस मोजतात.

आत्मा त्या दिवशी पहिल्यांदा अस्तित्वात आला, असं मात्र नाही. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात तो जलांवर आहे. पूर्वी तो विशेष कामासाठी राजांवर, संदेष्ट्यांवर येई; आता दासदासींवर, तरुण-म्हाताऱ्यांवर, सगळ्यांवर ओतला गेला. येशूचा शिष्य पेत्र याने जमावापुढे उभं राहून योएल या जुन्या संदेष्ट्याचं भविष्य सांगितलं ते याचसाठी. हाच पेत्र, काही आठवड्यांपूर्वी एका दासीपुढे येशूविषयी 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला होता! मला तर वाऱ्याच्या नादापेक्षा आणि अग्नीच्या जिभांपेक्षा त्याचं हे उभं राहणंच मोठं वाटतं.

आता भाषांबद्दल. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा दुसरा अध्याय नीट पाहा: पार्थी, मेदी, एलामी, रोमी, अरब, प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. उत्पत्तीतल्या गोष्टीत बाबेलच्या बुरुजाजवळ देवाने लोकांच्या भाषांचा घोटाळा केला होता, तरी इथे देवाने सगळ्यांना एकच भाषा दिली नाही. कुणाला आपली बोली सोडावी लागली नाही. सुवार्ताच त्यांच्या बोलीत आली. करिंथ शहराच्या मंडळीतल्या भाषांना मात्र अर्थ सांगणारा लागे, आणि प्रेषित पौल तिला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट विचारतो की सगळेच अन्य भाषा बोलतात काय. त्याला अपेक्षित उत्तर 'नाही' असंच आहे.

पेंटेकॉस्टल मंडळ्यांपैकी बऱ्याच जणी अन्य भाषांना आत्म्याच्या बाप्तिस्म्याची पहिली खूण मानतात; कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट तसं मानत नाहीत. हे दान खरं आहे, ज्यांना मिळालं त्यांचा मी आदर करतो. पण ते नसलेल्याला अर्धवट ख्रिस्ती ठरवणं मला वचनाला धरून वाटत नाही, आणि त्यामुळे किती जण आतून मोडतात हे मी पाहिलंय.

बरेच लोक हा अध्याय भाषांच्या प्रसंगावरच सोडतात. तुम्ही पुढे वाचा. त्या दिवशी सुमारे 3000 जणांचा बाप्तिस्मा झाला. ते अन्य भाषा बोलले, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच: ते प्रेषितांच्या शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिले, आणि मालमत्ता विकून ज्याला जशी गरज होती तसं वाटून देऊ लागले.