कंपनीतून पावसाळ्यात येणारं घाण पाणी थांबवायला कायद्याने काही करता येतं का?

दादा तुमचा प्रश्न वाचला. एमआयडीसीच्या खालच्या अंगाला तुमचं शेत, मिरगाचा पहिला पाऊस पडला की नाल्याला तांबूस पाणी अन फेस येतो, विहिरीच्या पाण्याची चव बदललीय, आणि गेटवर विचारायला गेलं की "ते पावसाचं पाणी आहे, कंपनीचं नाही" म्हणून परत पाठवायलेत. मी वाळूज भागात बरीच वर्षं ईटीपीवर काम केलंय, म्हणजे कंपनीचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटवर, त्यामुळं हे पाणी आतून कसं बाहेर येतं ते मला माहितीय आणि तेच आधी सांगतो, कारण नुसती कलमं पाठ करून तुमचं काम होणार नाही.

करता येतं का, तर हो, येतं. "पावसाचं पाणी आहे" हे उत्तर कायद्यात बसतच नाही. १९७४ चा जो पाणी प्रदूषण कायदा आहे त्याचं कलम २४ म्हणतं की कुणीही जाणूनबुजून विषारी किंवा दूषित करणारी गोष्ट ओढ्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर जाऊ द्यायची नाही. ती नळातून गेली का पावसाने वाहून गेली असा फरक तिथं केलेला नाही. आणि आपल्या भागासाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे या कायद्यात ओढा कशाला म्हणायचं त्याच्या व्याख्येत सध्या कोरडा असलेला प्रवाह पण येतो आणि जमिनीखालचं पाणी पण येतं. आपल्याकडचे नाले आठ महिने कोरडेठाक असतात ना, मग कुणीतरी म्हणतं हा नालाच नाही, नुसती चारी आहे, त्यावर हे उत्तर आहे.

आता आत काय होतं ते बघा. आभाळातून पडतं तोवर पाणी चांगलंच असतं. पण कंपनीच्या अंगणात सगळा उन्हाळा काय काय सांडलेलं असतं, उघड्यावर पडलेलं स्क्रॅप, त्यातलं कटिंग ऑइल, गळके ड्रम, बॉयलरची राख, मिठाच्या फुटलेल्या गोण्या, ईटीपीचा गाळ जो झाकून ठेवायला पाहिजे पण ठेवलेला नसतो. वळवाचा किंवा मिरगाचा पहिला दणका बसला की हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात धुऊन निघतं आणि सर्वात घाण पाणी तेच असतं, नंतरचं पाणी बरंच साफ दिसतं. म्हणून प्रदूषण बोर्डाचा माणूस दोन दिवसांनी येऊन बघतो तर त्याला काहीच दिसत नाही आणि तुम्हाला वाटतं तो मिळालेला आहे. कधी असेलही, पण बऱ्याचदा वेळच निघून गेलेली असते.

दुसरा प्रकार याहून वाईट. बऱ्याच कंपन्यांत पावसाची गटार आणि सांडपाण्याची लाईन नीट वेगळी केलेलीच नसते, किंवा कागदावर वेगळी असते आणि कुठंतरी चेंबरमध्ये जोडलेली असते. आता हिशोब करा. पाच एकराचा प्लॉट म्हणजे वीस हजार चौरस मीटरच्या वर जागा. बहुतेक सगळी पत्रा आणि काँक्रीट, मुरायला जागाच नाही. त्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर चारशे घनमीटर पाणी झालं, म्हणजे ४ लाख लिटर. आणि ईटीपी समजा ५० सीएमडीचा, म्हणजे दिवसाला ५० हजार लिटर साफ करणारा. त्या चार लाखातलं थोडंसं जरी ईटीपीच्या टाकीत शिरलं तरी टाकी भरून वर येते, आणि बायोलॉजिकल टाकीतले घाण खाणारे जिवाणू वाहून जातात जे परत तयार व्हायला आठवडे लागतात. मग रात्रपाळीचा ऑपरेटर काय करणार, बायपासचा व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळं नाल्यात. काही जण तर पावसाची वाटच बघतात, टाकीत साठवून ठेवलेलं पाऊस आला की सोडून देतात, पावसात मिसळलं की कोण ओळखतंय. मी ज्या ज्या ठिकाणी हे बघितलं तिथं ऑपरेटरवरच खापर फुटलं, पण खरी चूक मे महिन्यात गटारी साफ न करणाऱ्या आणि पावसाआधी टाक्या रिकाम्या ठेवायला पैसे न देणाऱ्या मॅनेजमेंटची असते.

आणि हे सगळं त्यांच्या परवानगीच्या कागदातच मना केलेलं असतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक कंपनीला जी संमती देतं, सगळे तिला कन्सेंट म्हणतात, तिच्या जनरल कंडिशनमध्ये ठरलेलं वाक्य असतं की सांडपाण्याची लाईन वेगळी पाहिजे, शेवटच्या चेंबरला पाणी मोजायची सोय पाहिजे, आणि पावसाचं पाणी कंपनीच्या सांडपाण्यात मिसळू द्यायचं नाही. म्हणजे "पावसाचं पाणी मिसळलंय" असं जर ते स्वतःच म्हणत असतील तर ती सफाई नाही, अट मोडल्याची कबुली झाली. हा कागद पहिला मिळवा. मंडळाच्या वेबसाईटवर बरेचसे कन्सेंट टाकलेले असतात, नाही सापडला तर माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात तीन गोष्टी बघा, रोज किती सांडपाणी काढायला परवानगी आहे, ते कुठं सोडायचं लिहिलंय (सीईटीपीला म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या सामायिक प्लांटला, बागेला, का पुन्हा वापरायचं), आणि नाल्याचं नाव कुठं आहे का. नाल्यात सोडायची परवानगीच नसेल तर मग बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, जितका जास्त तितकं पाणी घाण) ३० का ४० हा वादच उरत नाही, एक थेंब सुद्धा चालत नाही.

ज्यांना परवानगी आहे त्यांच्यासाठी नदीनाल्यात सोडायचं सर्वसाधारण प्रमाण असं, पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचा आकडा, कमी म्हणजे ॲसिडसारखं) ५.५ ते ९, बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (तीच ऑक्सिजनची गरज, पण रसायनाने मोजलेली) २५०, तरंगता गाळ १००, तेल-ग्रीस १०. ठराविक उद्योगांना वेगळी प्रमाणं असतात आणि कन्सेंटमध्ये याहून कडक आकडे पण लिहिलेले असू शकतात, तेव्हा तेच धरायचे.

आता तुम्ही नेमकं काय करायचं. आधी नाल्यानं वर चालत जा. हे मी मुद्दाम सांगतो कारण फेस म्हणजे लगेच कंपनी असं नसतं, वस्तीच्या साबणाच्या पाण्याला पण फेस येतो, आपल्या खाम नदीत शहराचं सांडपाणी पण येतं आणि मग कंपनीचा वकील पहिलं बोट तिकडं दाखवतो. त्यामुळं जिथून गटार नाल्याला मिळते त्याच्या वरचं पाणी आणि खालचं पाणी, दोन्ही धरायचे. वर साफ आणि खाली घाण असेल तर बोलायचं काही कामच राहत नाही. फोटो काढताना मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा, तारीख वेळ येऊ द्या.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, सगळ्यात भक्कम पुरावा पावसातला नाहीच. चार-आठ दिवस पाऊस नाही, ऊन पडलंय, आणि तरी कंपनीच्या पावसाच्या गटारीतून पाणी वाहतंय, तो व्हिडिओ काढा. कोरड्या दिवशी पावसाच्या गटारीत पाणी कुठून आलं याला कुणाकडंच उत्तर नसतं. पहाटे तीन-चारला आणि रविवारी बघा. एकटं जाऊ नका, गावातले दोन-तीन जण सोबत घ्या, आणि कंपाउंडच्या आत पाय टाकू नका, नाल्यात उभं राहूनच काढा.

पाऊस पडताना बघायचं असेल तर अमेरिकेची पद्धत चांगलीय. तिकडं १९८७ ला कायद्यात दुरुस्ती करून कारखान्यातून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्यालाच वेगळं परमिट लावलं, १९९० ला त्याचे नियम आले. तिथल्या केंद्राच्या परमिटमध्ये कंपनीने स्वतः तीन महिन्यातून एकदा, पाणी वाहायला लागल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, गटारीच्या तोंडाशी काचेसारख्या साफ बाटलीत पाणी धरून रंग, वास, फेस, गाळ, तेलाचा तवंग बघून लिहून ठेवायचं असतं. मशीन लागत नाही काही लागत नाही. आपल्याकडं असं वेगळं परमिट नाही, कन्सेंटच्या एका ओळीवर सगळं चाललंय, आणि मला वाटतं ही आपल्या व्यवस्थेतली मोठी खोट आहे. पण वही घेऊन हे तुम्ही करू शकता, कुणी अडवत नाही.

लॅबला द्यायचं असेल तर प्लॅस्टिकचा दोन लिटरचा नवा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, तेल तपासायचं असेल तर मात्र काचेची बाटली लागते आणि ती विसळायची नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबला पोचवा. पीएचचे पट्टे आणि टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणारं) स्वस्तात मिळतं, ते घरीच ठेवा. पण तुमचा हा रिपोर्ट कोर्टात कायद्याप्रमाणे घेतलेला नमुना म्हणून चालत नाही. त्याच १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्यानेच नोटीस देऊन, कंपनीच्या माणसासमोर नमुना घेऊन, दोन भाग करून सील करून सह्या घ्यायच्या असतात. तुमच्या रिपोर्टचा उपयोग एवढाच की त्याला यायला भाग पाडायचं आणि कुठं, कधी, काय बघायचं ते दाखवायचं.

तक्रार लेखी द्या, मंडळाच्या तुमच्या भागाच्या उपप्रादेशिक कार्यालयात, आणि प्रत संभाजीनगरच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "प्रदूषण होते, कारवाई करावी" असं मोघम लिहू नका. प्लॉटच्या कुठल्या बाजूची गटार, किती तारखेला किती वाजता, त्या दिवशी पाऊस होता का, पाण्याचा रंग काय, आणि अधिकाऱ्याने ईटीपीचं लॉगबुक आणि ईटीपीचं वेगळं वीज मीटर बघावं असं सरळ लिहा. मीटर खोटं बोलत नाही. ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) चोवीस तास चालला म्हणून लॉगबुकात लिहिलेलं असतं आणि मीटर हललेलंच नसतं, अशा ठिकाणी सगळं तिथंच उघडं पडतं. मंडळाला त्याच कायद्याच्या कलम ३३अ खाली कंपनीची वीज आणि पाणी तोडायचे आदेश देता येतात, आणि सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पर्यावरण सुरक्षा समितीच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की ईटीपी चालू स्थितीत नसेल तर कंपनी चालवू द्यायची नाही. अर्जात हे दोन्ही लिहा. महिना-दोन महिने वाट बघून काहीच झालं नाही तर पुण्याला हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाच्या केसेस चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं, खंडपीठ आहे, तिथं पिकाची जमिनीची भरपाई पण मागता येते.

त्या तांबूस पाण्याबद्दल. लोखंड ॲसिडमध्ये धुतात ना, पिकलिंग म्हणतात, त्याचं वापरलेलं पाणी हवा लागली की गंजासारखं लाल होतं आणि त्याचा पीएच खूप कमी असतो, पट्टीवर लगेच कळतं. पिवळं पाणी दिसलं तर जास्त सावध राहा, प्लेटिंगवाल्यांचं (धातूवर मुलामा देणाऱ्यांचं) क्रोमियम असू शकतं, हेक्साव्हॅलंट क्रोमियम म्हणजे त्याचा विषारी प्रकार, त्याची मर्यादा लिटरला फक्त ०.१ मिलिग्रॅम आहे, त्या नाल्यावर जनावर पाण्याला नेऊ नका. तुमच्या वर साखर कारखान्याची डिस्टिलरी असेल तर गडद तपकिरी वास मारणारं पाणी म्हणजे स्पेंटवॉश, त्याचा कच्चा बीओडी ४०-५० हजारांच्या घरात असतो, त्याचे तलाव भर पावसात फुटले की खालच्या विहिरी गेल्याच समजा.

विहिरीवरून अजून एक, हे कंपनीवाल्यांनी पण वाचावं. दुष्काळी भाग म्हणून आपल्याकडं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडलं की पुण्य लागल्यासारखं सगळे खूश होतात, पण कारखान्याच्या अंगणातलं पाणी बोअरला कधीच सोडायचं नाही. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत केमिकल, फार्मा, रंग, कीटकनाशकं असल्या उद्योगांनी धरलेलं पावसाचं पाणी जमिनीत न सोडता टाकीत साठवून कंपनीतच वापरायचं असं लिहिलंय. आपला सगळा खडक बेसॉल्ट, पाणी भेगांतून पळतं, एका बोअरमध्ये घातलेलं कुणाच्या विहिरीत निघेल सांगता येत नाही आणि एकदा बिघडलेलं पाणी वर्षानुवर्षं तसंच राहतं. छपरावरचं पाणी वेगळ्या पाइपने वेगळं घ्या, स्क्रॅपवर शेड टाका, डिझेल उतरवायच्या जागेला कठडा बांधा, गटारीच्या तोंडाला बंद करता येईल असा दरवाजा बसवा आणि पहिल्या पावसाचं पाणी धरायला एक टाकी ठेवा, एवढ्याने निम्म्याहून जास्त त्रास मिटतो आणि खर्च ईटीपीच्या मानाने काहीच नाही.

तुमच्या जमिनीचं मात्र थांबू नका. आपली काळी माती सोडियमला फार लवकर बळी पडते, खारट पाणी बसलं की माती आवळून येते, वरून चिकट आणि वाळली की दगड, पाणी आत जातच नाही. आत्ताच नाल्याकाठचा आणि नाल्यापासून लांबच्या तुकड्याचा, दोन्हीचे माती नमुने वेगळे द्या, पीएच, ईसी (मातीतल्या क्षारांचं माप) आणि सोडियम बघायला सांगा. सोडियम वाढलेलं निघालं तर जिप्सम किती टाकायचं ते परभणी कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या लोकांना रिपोर्ट दाखवूनच ठरवा, अंदाजाने टाकू नका. पीक गेलं असेल तर तलाठी आणि कृषी सहायकांना बोलावून पंचनामा करून घ्या, त्यात "अतिवृष्टी" असं कारण लिहू देऊ नका, नाल्यातून आलेल्या दूषित पाण्यामुळे असंच लिहून घ्या. हरित लवादात भरपाईचा दावा पाच वर्षांच्या आत करावा लागतो, तो या पंचनाम्यावर आणि माती-पाण्याच्या रिपोर्टवरच उभा राहतो. कन्सेंटची प्रत हाती आली की त्यातला सांडपाण्याचा भाग इथं टाइप करून टाका, कुठल्या अटी मोडल्यात ते ओळीने सांगतो.