पदार्थातील चुंबकीय रचना (अणूंच्या सूक्ष्म चुंबकांची मांडणी) अभ्यासण्यासाठी न्यूट्रॉन हे नेहमीचे साधन उपलब्ध असताना, क्ष-किरणांनी ती अभ्यासण्यास कधी व का सुरुवात झाली?

प्रत्यक्ष सुरुवात 1972 मध्ये झाली, जेव्हा ग्रेनोबल येथील द बेर्जव्हँ आणि ब्रुनेल यांनी निकेल ऑक्साइडच्या स्फटिकातून, प्रयोगशाळेतील साध्या क्ष-किरण नळीच्या साहाय्याने, चुंबकीय रचनेमुळे विखुरलेल्या किरणांच्या तीव्रतेत उमटणारी क्षीण शिखरे नोंदवली. तशी शक्यता प्लॅट्झमन व त्झोअर यांनी 1970 मध्येच गणिताने दाखवली होती. क्ष-किरण मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारामुळे विखुरतात आणि चुंबकीय परिणाम त्याच्या लाखोपट दुर्बळ असतो, त्यामुळे हे तंत्र पुढे एक दशकाहून अधिक काळ जवळजवळ अडूनच राहिले. सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन वर्तुळाकार फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्राच्या) प्रखर किरणांनी ते मार्गी लागले: 1985 मध्ये गिब्ज व सहकाऱ्यांनी होल्मियम या धातूतील सर्पिल चुंबकीय रचना तपासली, आणि 1988 मध्ये किरणांची ऊर्जा होल्मियमच्या शोषण-कडेशी (ज्या ऊर्जेला ते मूलद्रव्य क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागते तिच्याशी) जुळवताच संकेत सुमारे पन्नासपट वाढला. माझ्या मते खरे वळण हेच, कारण त्यातून एकाच पदार्थातील विशिष्ट मूलद्रव्याचे चुंबकत्व वेगळे पाहता येऊ लागले. शिवाय गॅडोलिनियमसारखी, न्यूट्रॉन गिळून टाकणारी मूलद्रव्ये आणि अगदी लहान स्फटिकही आवाक्यात आले. मात्र अनोळखी चुंबकीय रचना प्रथम उलगडायची असेल, तर आजही सहसा न्यूट्रॉन विवर्तनच (स्फटिकातून विखुरलेल्या न्यूट्रॉनांच्या नमुन्यावरून रचना ओळखणे) आधी वापरले जाते.