आई-बाबा नागपुरात एकटेच असतात. घरात स्मार्ट कॅमेरा, प्लग वगैरे लावावं का?

लावा, पण कॅमेऱ्यापासून सुरुवात करू नका.

मी नागपुरात घरांचं वायरिंग करतो. हल्ली पुण्या-बंगळुरूहून मुलांचे फोन येतात, की आई-बाबांच्या हॉलमध्ये कॅमेरा बसवून द्या, मोबाइलवर दिसला पाहिजे. बसवायला वेळ लागत नाही. पुढे त्या घरात काय होतं, ते स्क्रीनवर दिसत नाही. काकू दुपारी हॉलमधल्या दिवाणावर आडव्या होईनाशा होतात. शेजारीण आली की दोघी स्वयंपाकघरात जाऊन बोलतात. ज्यांनी ते घर उभं केलं, त्यांना त्यातच अवघडून वागावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी कूलर बघा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, कूलर दिवसरात्र चालतो. लोखंडी बॉडी, खाली पाणी, पाण्यात पंप. अर्थिंग खराब असेल तर पाणी भरताना शॉक बसतो. विदर्भात अशाने माणसं गेलेली आहेत. अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट गळू लागला की क्षणात वीज तोडणारा स्विच. तिला ना इंटरनेट लागतं, ना ॲप, पण तुमच्या यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मी तिला वर ठेवीन.

मग स्मार्ट वस्तू. गिझर चालू राहून जातो म्हणून प्लग घेत असाल तर १६ अँपिअरचाच घ्या. दोन हजार वॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, सहाचा प्लग तापून जळेल. दाराला सेन्सर लावा: सकाळी दार उघडलं एवढंच कळतं, चित्र दिसत नाही. बहुतेक काळजी तेवढ्याने भागते. राउटरला छोटा यूपीएस जोडाच. वादळात लाइट गेली की वायफाय बंद, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला घरची खबर हवी असते.

तरी कॅमेरा हवाच असेल तर दाराबाहेर लावा, आणि कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने असे मूळ पासवर्ड वापरूनच जगभरातले कॅमेरे ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या.

घरात लावायचाच झाला तर दोघांना आधी विचारा, आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा. त्यांचाही दिवस त्यात टिपला जातो. कायदा इथे तुमच्या मध्ये येणार नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी वापरलेला डेटा त्या कायद्यातून वगळला आहे. म्हणजे मुलाने आईला विचारायचं की नाही, हे मुलावरच सोडलंय.

ॲपमधलं खातं बाबांच्या नंबरवर उघडा, तुमचा फोन त्यात नंतर जोडा. आणि कॅमेऱ्याचं बटण काकूंचा हात सहज पोचेल अशा उंचीवर द्यायला तुमच्या इलेक्ट्रिशियनला सांगा.